लालबागच्या चाळीतील एक दुपार

आज लालबागमधील एका चाळीत महिला बचत गटाच्या बैठकीला बसण्याचा योग आला. विषय एकच होता, घरातील तरुण मुलांची बेकारी. दोघांनी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे दाखवली. नोकरी मात्र दोघांनाही नाही.

गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या या जुन्या भागात, असा विषय निघाला की १९८२ चा गिरणी संप आठवतोच. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या, तेव्हा कित्येक घरांची चूल बायकांच्या खानावळींवर पेटत राहिली. या बायकांना सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले होते. त्यांना स्वयंपाक शिकवण्याची गरज नव्हती. उधारीचा किराणा आणि सावकाराचे व्याज यांतून सुटण्यासाठी भांडवल हवे होते, आणि एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाल्याने ते उभे राहिले. वस्तीला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी काय येते हे आधी पाहण्याची ही पद्धत मला आजच्या प्रशिक्षण-शिबिरांपेक्षा अधिक शहाणपणाची वाटते (शिबिरात चहा मात्र चांगला मिळतो, हे मान्य).

बैठकीतील सर्वांत वयस्कर मावशींनी एका मुलाला विचारले, "तुला येतं काय?" तो फ्रिज दुरुस्त करतो, पण स्वतःची अवजारे नाहीत. गटाच्या निधीतून त्याला कर्ज द्यायचे ठरले; हप्ता किती असावा यावरचा वाद मी निघालो तेव्हाही चालूच होता.