मस्टँगचा इनटेक मॅनिफोल्ड बदलावा का?

दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या-नव्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. तेथे माझ्या २०१५ च्या फोर्ड मस्टँग जीटीचे बॉनेट उघडे दिसले की कोणीतरी हमखास विचारतो, ‘मॅनिफोल्ड अजून कंपनीचाच?’ इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांपर्यंत हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा संच. या प्रश्नामागे असे गृहीत असते की मॅनिफोल्ड बदलणे म्हणजे इंजिनात अश्वशक्तीची भर घालणे. बरीच आकडेमोड केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मॅनिफोल्ड शक्तीची भर घालण्यापेक्षा तिची जागा हलवण्याचे काम अधिक करतो, आणि त्या नव्या जागी आपण किती वेळ असतो यावर सगळा व्यवहार अवलंबून आहे.

पिस्टन खाली जाताना मॅनिफोल्डच्या नळीतील हवा ओढली जाते आणि कमी दाबाची एक लहर नळीतून प्लेनमच्या, म्हणजे सगळ्या नळ्या जिथून निघतात त्या हवेच्या पेटीच्या, दिशेने निघते. नळीच्या मोकळ्या तोंडाशी ती परावर्तित होते आणि वाढीव दाबाची लहर होऊन परत येते. इनटेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा घेणारी झडप) बंद होण्याच्या सुमारास ती पोहोचली, तर सिलिंडरमध्ये थोडी जास्तीची हवा कोंबली जाते. नळी ३० सेंटीमीटरची धरली, तर ध्वनीच्या वेगाने जाऊन-येऊन लहरीला सुमारे १.८ मिलिसेकंद लागतात. ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाला, तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) जवळजवळ ६३ अंश फिरतो आणि ३,००० आरपीएमला जेमतेम ३२ अंश. म्हणजे एकाच लांबीची नळी दोन्ही वेगांना सारखीच साथ देऊ शकत नाही. आखूड नळी वरच्या आरपीएमला फळते, लांब नळी खालच्या.

ही गोष्ट याच शहरातील अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६० च्या क्रायस्लर ३०० एफमध्ये सुमारे ७६ सेंटीमीटर लांबीच्या नळ्या इंजिनाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओलांडून जात असत आणि ते इंजिन ३७५ अश्वशक्तीचे होते. त्याची ४०० अश्वशक्तीची आवृत्ती काढताना नळ्यांचे बाहेरचे रूप तसेच ठेवून आतील दुभाजक भिंत कापण्यात आली आणि लहरीच्या दृष्टीने नळीची लांबी निम्मी झाली. शक्ती वाढली, परंतु टॉर्कचे (फिरवण्याच्या जोराचे) शिखर २,८०० आरपीएमवरून ३,६०० वर सरकले. मला हे उदाहरण विशेष आवडते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलले आहे याचा पत्ताही लागत नसे.

माझ्या गाडीच्या घराण्यातही तसाच दाखला आहे. २०११ च्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे इंजिन ४१२ अश्वशक्ती आणि ३९० पाउंड-फूट टॉर्क देत असे. २०१२ च्या बॉस ३०२ मध्ये आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड आला आणि आकडे ४४४ व ३८० झाले. ३२ अश्वशक्ती मिळाली आणि १० पाउंड-फूट गेले. मात्र त्या इंजिनाचे सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्टही वेगळे होते, हे सांगायला मॅनिफोल्ड विकणारे बहुधा विसरतात.

आता माझा वापर पाहू. महामार्गावर ताशी ११० किलोमीटरला, सहाव्या गिअरमध्ये माझे इंजिन साधारण २,००० आरपीएमवर असते, आणि कामावर जाता-येता काटा ३,००० च्या पुढे क्वचितच जातो. तेथे आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड मला काहीही देणार नाही, उलट थोडेसे काढूनच घेईल. ट्रॅकवर मात्र चित्र उलटे होते. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर २.४३ आणि तिसऱ्याचे १.६९ असल्याने ७,००० ला गिअर बदलला की काटा ४,८७० च्या आसपास उतरतो, आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना तर ५,४७० च्या खालीही जात नाही. संपूर्ण सरळ पट्टा इंजिन वरच्याच मजल्यावर राहत असेल, तर तळमजल्यावर काय गमावले याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. वर्षातून आठ-दहा दिवस ट्रॅकवर घालवणाऱ्याला मी हा खर्च करण्यापासून परावृत्त करणार नाही. मी दोन दिवस जातो.

खर्चाचा हिशेबही केवळ सुट्या भागाच्या किमतीवर थांबत नाही. २०१५ च्या मॅनिफोल्डमध्ये कमी वेगाला नळीचा काही भाग झाकून हवेला घुसळण देणाऱ्या झडपा आहेत, ज्यांचा उपयोग थंड इंजिन सुरू करताना आणि आयडलिंगला होतो. बहुतेक आखूड मॅनिफोल्डमध्ये त्या नसतात, त्यामुळे इंजिनाच्या संगणकाला नवी परिस्थिती समजावून सांगणारे ट्यूनिंग टाळता येत नाही. त्या ट्यूनिंगशिवाय केलेली जोडणी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली डोकेदुखी.

डायनोचे, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचे, कागद दाखवणाऱ्यांना मी एकच विचारतो : दोन्ही चाचण्या एकाच दिवशी, एकाच यंत्रावर झाल्या होत्या का? शून्य अंश सेल्सिअसची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते. डायनोचे गणित हा फरक दुरुस्त करण्याचा प्रयत्न करते खरे, परंतु जानेवारीची मिशिगनची हवा माझ्या गाडीला जेवढे फुकट देते, तेवढे कोणताही मॅनिफोल्ड देत नाही. दुर्दैवाने तेव्हा रस्त्यावर बर्फ असतो.

यंदा मॅनिफोल्डसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी ट्रॅकचे ब्रेक पॅड आणि चार टायर घेतले. साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर पहिल्या दिवशी मी वळणाच्या किती आधी ब्रेक दाबत होतो, हे शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने मला अतिशय सौम्य शब्दांत सांगितले होते.