स्थिर म्हणजे किती वाजता?

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे एकादशीच्या दोन दिवस आधी, कित्येक घरांत कांद्याचा यथेच्छ समाचार घेतला जातो. भजी, थालीपीठ, झुणका, वर तोंडी लावायला पुन्हा बुक्कीने फोडलेला कांदाच. पुढच्या चार महिन्यांचा कांदा एका दिवसात खाऊन घ्यायचा. या दिवसाचं नावच कांदेनवमी. आपल्या पंचांगात इतका प्रामाणिक सण दुसरा नसेल. दोन दिवसांनी शयनी एकादशी आली की कांदा, लसूण, वांगं बंद, ते थेट कार्तिकीपर्यंत. काही घरांत वांग्याला आणखी कळ काढावी लागते, मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते ताटात येतं.

यंदा भजी खायला भाची आली होती. हिंजवडीत नोकरी, शनिवार-रविवार झोप, बाकीचे दिवस मीटिंगा. खाता खाता म्हणाली, "आत्या, माझा या सीझनचा शब्द ठरला."

ही हल्लीची पद्धत. संकल्पांची लांबलचक यादी करून पंधरवड्यात विसरण्यापेक्षा एकच शब्द निवडायचा, डायरीच्या पहिल्या पानावर लिहायचा, मोबाइलच्या वॉलपेपरवर लावायचा आणि काही महिने त्याच्या आधाराने राहायचं. तिच्या एका मैत्रिणीचा शब्द आहे 'फोकस', दुसरीचा 'ग्रेस', आणि तिसरीचा चक्क 'नाही'. (ही तिसरी मला न भेटताच आवडली.) भाचीचा शब्द 'स्थिर'.

आई कढईपाशी होती. तिने झारा निथळत विचारलं, "म्हणजे काय सोडलंस?"

"सोडलं काही नाही गं आजी. धरलंय."

"बरं. मग स्थिर म्हणजे किती वाजता?"

भाची हसली, पण मला तो प्रश्न चांगलाच लागला. आईच्या पिढीत आषाढ लागला की बायका एकमेकींना विचारत, "यंदा नेम काय धरलास?" उत्तरं अशी असत: एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. धारणं-पारणं, म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण. केळीच्या पानावर जेवायचं. लाख वाती वळायच्या. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी नाहीत. या सगळ्यात 'मी शांत होईन', 'मी समाधानी होईन' असलं एकही वाक्य नाही. माणूस कसा व्हायला हवा याची चौकशीच नाही. आज काय करायचं आणि काय खायचं नाही, एवढंच. संध्याकाळी ते झालं की नाही हे कुणालाही सांगता येतं.

आईचा नेम गोपद्मांचा असे. रोज तेहतीस. आषाढात अंगण ओलं, तुळशीपुढे रांगोळी टिकायची नाही, म्हणून ती देवापुढे पाटावर काढायची. आधी ओल्या फडक्याने पाट पुसायचा, तो पुरता वाळू द्यायचा, नाहीतर रांगोळी चिकटून गोळे होतात. मग चिमटीतून गायीच्या खुराचे दोन भाग, एकाशेजारी एक, ओळीने. सुरुवातीची पावलं घाईची, वाकडी असायची, कारण गॅसवर दूध असायचं. विसाव्याच्या आसपास हात लागायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती दुधाला विसरलेली असायची. दूध मीच बंद करायचे. 'स्थिर' हा शब्द तिला कुणी दिला नव्हता, आणि दिला असता तर तिने "बरं" म्हणून पाट पुसायला घेतला असता.

पण नेमांचं फार कौतुकही नको. आमच्या एका काकांनी वर्षानुवर्षं चातुर्मासात कारलं सोडलं. एरवीही ते कारल्याला शिवत नसत. आजोबांचा नेम मौन भोजनाचा. जेवताना ते अवाक्षर बोलत नसत, त्यामुळे बाकीच्या घराला अहोरात्र सावध राहावं लागे. भुवई वर गेली की ताक. तर्जनी हलली की मीठ. "हूं!" म्हणजे लिंबाची फोड, आणि "हूं हूं!" म्हणजे लिंबू नव्हे, लोणचं. चुकलं की ते डोळे मिटून घेत, आणि ते मौन बोलण्यापेक्षा भारी पडे. पुण्य त्यांचं, धावपळ आजीची. घरात एकाने कांदा सोडला की दोन वेगळ्या आमट्या कोण करतं, हेही कधी पोथीत येत नाही. त्या मानाने भाचीचा शब्द बिचारा कुणाला उठबस करायला लावत नाही.

नेमांना पोषाख म्हणून विज्ञान चढवायची हौसही मला नाही. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, पचायला जड नको, हे आयुर्वेद सांगतो आणि ते खरंही असेल. पण कांदेनवमीला एवढी भजी रिचवणाऱ्यांनी मंद अग्नीचं नाव काढू नये.

मला नेमातली आवडते ती त्याची मुदत. पावसाळ्याचे दिवस बेताने, एका जागी राहून काढायचे, ही कल्पना आपल्याकडे कितीतरी जुनी आहे. जैन साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, आणि महाराष्ट्रातल्या विहारांत त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. सगळ्यांना आरंभ ठाऊक, शेवट ठाऊक. 2023 साली श्रावण अधिक आला, 29 जूनची आषाढी आणि 23 नोव्हेंबरची कार्तिकी, म्हणजे चातुर्मास जवळजवळ पाच महिन्यांचा झाला. आईने गोपद्मं तशीच चालू ठेवली. कहाणीतला बजावणारा आवाज आहेच: उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. डायरीतल्या शब्दाला मात्र ना एकादशी, ना उद्यापन. तो एक दिवस नुसता फिका पडतो आणि त्याच्या जागी दुसरा वॉलपेपर येतो.

तर त्या दिवशी भजी संपेपर्यंत आजी-नातीची घासाघीस चालली. नात म्हणे, सकाळी ध्यान करीन. आजी म्हणे, तू उठतेस किती वाजता ते मला माहीत आहे. नात म्हणे, आठवड्यातून तीनदा. आजी म्हणे, नेमाला सुट्टी नसते. शेवटी ठरलं ते असं: 'स्थिर' राहू दे वॉलपेपरवर, पण रात्री नऊनंतर मोबाइलला हात नाही. शयनी ते प्रबोधिनी, म्हणजे थेट कार्तिकीपर्यंत, रोज. ऑफिसचा फोन आला तर घ्यायचा, रील मात्र एकही नाही. अपवाद आजीने स्वतः घालून दिला, कारण नोकरी जाईल असला नेम तिला मंजूर नव्हता.

मग मी जरा शास्त्र सांगायला गेले, की चातुर्मास संपला की जी वस्तू सोडली असेल ती आधी कुणाला तरी दान द्यायची आणि मगच आपण घ्यायची.

भाचीचा हात भज्यावरच थांबला. "म्हणजे कार्तिकीला मी फोन दान करायचा? अजून हप्ते चालू आहेत, आत्या!"

"आधी कार्तिकीपर्यंत पोच तर," आई म्हणाली, आणि दुसरा घाणा सोडला.