आबांचा वाकस

परवा आबांचं तेरावं झालं. नव्वदी पार केलेली, पिकलं पान, तरी ओटा रिकामा वाटतो यार. 1971 च्या लढाईत होते पण विचारलं की फक्त "थंडी भलती व्हती". फौजेतून आले ते परत सुतारकाम नि तापीकाठची कपाशी. खरी मजा बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची, लोहार नि आबा गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी पट्टी लाल करणार, बाभळीच्या चाकावर ठोकणार, लगेच पाणी, चर्रर्र, पट्टी आखडून आरे गच्च आणि आम्ही पोरं धुरात खोकत उभी. मग टायरच्या गाड्या आल्या, ते काम गेलंच. वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, मात्र शेवटपर्यंत उशाशी, त्याला तेल लावायची ड्युटी माझी. कालही लावलं.