खाजवून खरूज

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये पार तळाला 'बिल्ड नंबर' नावाची एक निरुपद्रवी ओळ असते. तिच्यावर सात वेळा टिचकी मारली की फोन जाहीर करतो, आता तुम्ही डेव्हलपर झालात. ना परीक्षा, ना मुलाखत. इतक्या स्वस्तात मला दुसरी कुठली पदवी मिळालेली नाही, आणि इतकी महागही कुठली पडलेली नाही.

त्या सात टिचक्यांनंतर जे नवं पान उघडतं, त्यात बूटलोडरचं, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली उठवणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप काढायची परवानगी देणारं एक बटण असतं. मी ते दाबलं. तेव्हापासून माझा फोन सलग चार महिने नीट चालला, असं काही आठवत नाही.

निमित्त मात्र रास्त होतं. फोन धडधाकट होता, काच शाबूत, बॅटरी ठीक. फक्त कंपनीने अपडेट देणं थांबवलं होतं. म्हणजे शरीर तरणंताठं आणि कागदोपत्री निवृत्त. अशा फोनांसाठी लिनिएज ओएस आहे, म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी चढवायची फुकटातली अँड्रॉइड. 2009 मध्ये सायनोजेनमॉड नावाने हा उद्योग सुरू झाला, 2016 च्या डिसेंबरात तो बंद पडला आणि त्याच मुळावर लिनिएज फुटलं. दिवसा नोकरी करून रात्री दुसऱ्यांच्या जुन्या फोनांसाठी जागणारी माणसं ते सांभाळतात. त्यांच्या जिवावर मी उड्या मारत होतो.

कुलूप काढलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. हा खोडसाळपणा नाही. तसं नसतं तर फोन चोरणाऱ्याने आधी हेच केलं असतं आणि आपले फोटो बघत बसला असता. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी फोटो, नंबर, मेसेज सगळं काढून ठेवलं होतं. राहिलं एकच: ज्या ॲपमध्ये खात्यांत शिरायला लागणारे, दर 30 सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड येतात, ते ॲप. म्हणजे सगळं सामान घराबाहेर काढलं आणि किल्ली आत विसरलो.

पण ते कळायला वेळ होता, कारण फोन मुळी सुरूच होईना. नवी रॉम, म्हणजे ती नवी प्रणाली, चढवली, फोन चालू केला, पडद्यावर खूण फिरू लागली. पाच मिनिटं फिरली. वीस मिनिटं फिरली. घाण्याचा बैल बरा, निदान तेल तरी निघतं. याला बूटलूप म्हणतात. याच्याही पुढची पायरी म्हणजे फोनची वीट होणं, म्हणजे तो कायमचा मरणं, आणि तो शब्द रात्री दीड वाजता डोक्यात आला की हातपाय गार पडतात.

रिकव्हरीत, म्हणजे फोनच्या दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या पडद्यात, शिरून पाहिलं तर अंतर्गत साठा 0 एमबी. चौसष्ट जीबीचा फोन आणि पोटात शून्य! मग उलगडा झाला. मी डेटा 'वाइप' केला होता, 'फॉरमॅट' केला नव्हता. वाइप केल्याने फायली जातात, पण जुन्या प्रणालीने घातलेलं कूटबंधन (एन्क्रिप्शन) तसंच राहतं, आणि नव्या प्रणालीला ते उघडता येत नाही. फॉरमॅट करायला गेलं की ती रिकव्हरी नुसत्या बोटाच्या सरकवण्यावर भागवत नाही. 'यस' असं अक्षर अक्षर टाइप करायला लावते. लग्नातसुद्धा मला कुणी इतक्या गांभीर्याने विचारलं नव्हतं. टाइप केलं. चार मिनिटांनी फोनने भाषा कुठली हवी ते विचारलं आणि मी अंधारात एकटाच हसलो.

"चालत होता ना रे? मग हात कशाला लावलास?" सकाळी आईने विचारलं. याला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही. बँकेच्या ॲपलाही हाच प्रश्न पडला असावा. कुलूप काढलेला फोन दिसताच त्याने उघडायलाच नकार दिला. आता पैशांसाठी वेगळा, न छेडलेला फोन आहे. एक फोन वाचवायला मी दुसरा विकत घेतला, हा हिशेब घरात अजून कुणी मांडलेला नाही.

कॉम्प्युटरवरच्या लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या खुल्या प्रणालीचं, दुखणं निराळं. तिथे कुणी 'यस' टाइप करायला लावत नाही. डिस्कवर मजकूर जसाच्या तसा उतरवणारी 'डीडी' ही आज्ञा दोन अक्षरांची. पेनड्राइव्हऐवजी चुकून हार्डडिस्कचं नाव दिलं तर ती मुकाट्याने हार्डडिस्क पुसायला घेते. माझ्या हातून ते घडलेलं नाही. माझ्या हातून घडलं ते याहून फुटकळ. एक जुनी डिस्क काढून टाकली आणि सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या एफस्टॅब फाइलमधली तिची ओळ काढायची विसरलो. पुढच्या वेळी मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझाऱ्या घालू लागल्या. लिनक्स त्या डिस्कची वाट पाहत होतं. पूर्ण दीड मिनिट, सेकंद मोजून दाखवत. मेलेल्या माणसाचं पान वाढून ठेवावं तसं. मग थकून त्याने मला दुरुस्तीपुरत्या इमर्जन्सी मोडमध्ये सोडलं. उपाय म्हणजे त्या ओळीच्या आरंभी एक हॅशचं चिन्ह, म्हणजे 'ही ओळ वाचूच नको'. एक चिन्ह! पण ते घालून मशीन परत उठलं तेव्हा जे वाटलं, ते नवं कोरं मशीन आणताना कधी वाटलेलं नाही.

लिनस टोरवाल्ड्सने 25 ऑगस्ट 1991 ला लिनक्सची पहिली खबर दिली तेव्हा, हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंच लिहिलं होतं. तेव्हा तो 21 वर्षांचा होता. आज जगातले पहिले 500 महासंगणक लिनक्सवर चालतात, आणि अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच असल्याने माझा तो घाण्याचा बैल, म्हणजे फोनही. छंद म्हणताना माणसाने जरा जपून बोलावं.

या सगळ्यात एकच मशीन बिनतक्रार चालतं, आईचा लॅपटॉप. 4 जीबी रॅम, त्यावर डेबियन या लिनक्सची 'बुकवर्म' आवृत्ती, हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. मी बसवून दिला, तिने खिडकीजवळ ठेवला, आणि त्यावर ती रोज बातम्या वाचते, भजनं ऐकते. आज्ञा टाइप करायचं टर्मिनल म्हणजे काय ते तिला माहीत नाही. डेबियनच्या आवृत्त्यांना एका ॲनिमेशनपटातल्या खेळण्यांची नावं देतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये 'बुकवर्म'नंतरची 'ट्रिक्सी' आली. परवा दुपारी आई आत होती, लॅपटॉप उघडाच होता. अपडेट कुठून घ्यायचे ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या यादीत एक शब्द बदलायचा, दोन आज्ञा द्यायच्या, तासाभराचं काम. मी खुर्ची ओढली.

"काय करतोयस रे?"

"काही नाही, घड्याळ बघत होतो."

"घड्याळ भिंतीवर आहे," असं म्हणून तिने झाकण लावलं.