स्वस्तात पडली का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

घरी कुणी आलं आणि भिंतीवरची गिटार दिसली की पाच मिनिटांत प्रश्न येतोच, "ही तूच बनवलीस म्हणे, मग स्वस्तात पडली असेल की?" परवा गॅस सिलिंडर द्यायला आलेल्या भावानं पण विचारलं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

नाही पडली. सुटे भाग घरी आणून जोडायचं किट साडेआठ हजारांचं, त्यावर सोल्डरिंग आयर्न, पॉलिश पेपर, लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, वरून मारायचा चकाकीचा लॅकर, दोनदा तारा, हे सगळं धरून साडेबारा हजारांपर्यंत गेलं आणि तेवढ्या पैशांत दुकानातनं तयार गिटार घेऊन त्याच संध्याकाळी वाजवत बसता आलं असतं. शिवाय 'बनवली' हा शब्द पण जरा मोठाच आहे. बॉडी कापलेली येते, नेकवर म्हणजे दांडीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकलेले येतात, आपण चार स्क्रूनी नेक बॉडीला जोडायचा. माझं किट टेलिकास्टर नावाच्या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीचं होतं, १९५०च्या सुमाराला अमेरिकेतल्या लिओ फेंडरनं हे मॉडेल काढलं तेच मुळात कारखान्यात पटापट जोडता यावं असं, त्यामुळं नवशिक्याला ते झेपतंय.

वेळ खाल्ला तो रंगानं. बॉडी बासवुडची, म्हणजे इतकं मऊ लाकूड की नख लागलं तरी खूण उठते. मला वाटलं वुड स्टेन फासला की झालं, तर रंग लाकडात शिरेचना, कारण बऱ्याच किटच्या बॉडीवर आधीच पातळ सीलर मारलेला असतो आणि हे कुणी सांगत नाही. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळं खरवडलं, मग १८०, २४०, ३२०, गॅलरीत पिठाची गिरणी चालल्यासारखा भुगा, आई म्हणाली पोळपाट कराय लागलायस व्हय. तरी एका जोडावर गोंद राहिलेलाच, तिथं रंग बसला नाही, तो पिवळट डाग आजपण दिसतोय. आता मी तो डाग हाताखाली येईल असाच बसतो.

आणि खरी माती खाल्ली ती जुलैमध्ये. कोल्हापूरचा जुलै म्हणजे पंचगंगा पात्राबाहेर, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल, आणि मी शहाणा त्या हवेत स्प्रेनं लॅकर मारत बसलो. दहा मिनिटांत सगळी बॉडी पांढरट, काचेवर वाफ धरावी तशी. मला वाटलं माल डुप्लिकेट दिला, दुकानदाराशी भांडून पण आलो. त्याची काही चूक नव्हती. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, त्यानं पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी तिथंच धरतं, ते आत अडकलं की पांढरं दिसतं. हे मला कळलं मिरजेत. एका मित्राच्या बहिणीचा तानपुरा दुरुस्तीला न्यायचा होता म्हणून सोबत गेलो होतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये जीआय, म्हणजे त्या गावची खासियत म्हणून सरकारी मानांकन, मिळालं ते तुम्ही वाचलं असेलच. तिथल्या कारागीरमामांना मोबाइलवर फोटो दाखवला तर हसले नुसते, म्हणाले, "पावसात पॉलिशला हात लावायचा नसतोय बाळा. थांब की दसऱ्यापर्यंत."

थांबलो. ऑक्टोबरात सगळं परत खरवडून परत स्टेन मारला, तो दोन दिवस वाळू दिला आणि लॅकरचा नाद सोडून चपडा घेतला, म्हणजे लाखेचे पापुद्रे. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, गाळायचे, मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून पातळ पातळ हात फिरवायचा. एका जागी थांबलं की खालचा थर उचलून येतो, हे मी तीनदा करून बघितलंय. पण ती चकाकी आली ना, स्प्रेला येत नाही. घामानं लवकर जाते म्हणे, जाऊ दे, परत लावू.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. माझी २५ वॅटची आयर्न, त्यानं व्हॉल्यूमच्या पॉटची, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या डबीची, पाठ तापेचना, सोल्डर नुसतं गोळी होऊन पडायचं. शेवटी आमच्या ओळखीच्या रेडिओवाल्या काकांकडं गेलो तर म्हणाले, "अरं, पत्रा तापल्याशिवाय सोल्डर धरंल व्हय?" त्यांच्या मोठ्या आयर्ननं दोन मिनिटांत काम. आणि तारांना हात लावला तरी अँपची घुंघुं थांबत नव्हती, ते ब्रिजखाली, म्हणजे तारा बॉडीवर जिथं टेकतात त्या पट्टीखाली, जाणारी अर्थची वायर मी आतच विसरलो होतो म्हणून, हे पण त्यांनीच पकडलं. मी त्यांना सांगितलं की लिओ फेंडरचं पण आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. काका म्हणाले, "मग माझ्यासारखाच की."

तारा चढवल्या त्या रात्री बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथंच नुसतं बोट टेकवून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा चढा लागत होता, सॅडल म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू मागं सरकवत सरकवत दीड वाजला, शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. सातव्या फ्रेटवर जाड तार अजून जराशी खडखडते. ट्यूनरचा, म्हणजे तार पिळायच्या खुंटीचा, एक स्क्रू भोक न पाडता पिळला म्हणून डोकंच तुटलं, तो तसाच लाकडात आहे. तुम्ही आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रूला साबण लावा.

आता गल्लीतल्या एकानं मागच्या आठवड्यात किट मागवलंय, बॉक्स घेऊनच घरी आला, म्हणाला दादा रविवारी रंग मारू. बाहेर पाऊस धो धो. मी त्याला सोल्डरिंग आयर्न दिली आणि चपड्याची बरणी कपाटात ठेवून दिली.