खरी की फर्स्ट कॉपी: भाचीच्या जुन्या बॅगेची तपासणी

बॅग माझी नव्हती आणि पैसेही माझे नव्हते. मोठ्या बहिणीच्या मुलीला लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच ब्रँडची 'स्पीडी ३०' ही हँडबॅग हवी होती. नवी परवडत नाही म्हणून वापरलेली, ऑनलाइन. ती पुण्यात नोकरीला आहे, पण लग्नसराईत गावाकडे येऊन घरूनच काम करत होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमच्या गावात माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. तिथं येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मले ब्रँड समजते, शिलाई नाही समजत. तू शिलाई पाह्य." दुसऱ्याच्या खांद्यावरून उतरलेल्या बॅगेला चाळीस-पंचेचाळीस हजार मोजायचे, हे मला वेडेपण वाटलं. थोडं अजूनही वाटतं. पण मोजायचेच आहेत तर निदान खरी तरी मिळावी.

पहिली बॅग सोशल मीडियावरच्या एका पानावर दिसली. किंमत अकरा हजार. सोबत डबा, धूळ-पिशवी (बॅग झाकून ठेवायची कापडी पिशवी), बिल आणि सोनेरी अक्षरांचं प्लास्टिकचं 'ऑथेंटिसिटी कार्ड'. भाची त्या कार्डावर भाळली. रात्री शोधत बसल्यावर कळलं, की ही कंपनी असं कार्ड देतच नाही. म्हणजे जो पुरावा म्हणून दाखवला जात होता, तोच बॅग खोटी असल्याचं सांगत होता. डबा आणि बिल तर बॅगेपेक्षा सोपे. ते वेगळे विकतही मिळतात. विकणाऱ्याला सरळ विचारलं तर म्हणतो, "मॅडम, मिरर कॉपी आहे, कोणी ओळखणार नाही." खोटा ट्रेडमार्क लावून माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, पण हे लोक 'फर्स्ट कॉपी', 'मास्टर कॉपी' असे शब्द आमच्याकडे पऱ्हाटीचे (कपाशीचे) वाण सांगतात तसे बिनधास्त सांगतात.

त्यानंतर आम्ही कागद बघणं सोडलं आणि बॅग बघायला लागलो.

मला आधी वाटलं होतं, की ही अख्खी बॅग चामड्याची असेल. तसं नाही. अंगाला सुती कॅनव्हास असतो, त्यावर प्लास्टिकसारखा लेप असतो आणि त्या लेपावर फुलं आणि 'एलव्ही' ही अक्षरं. ही नक्षी १८९६ सालची. चामडं असतं ते फक्त हातपट्ट्यांना, कडांना आणि टोकांच्या तुकड्यांना. तेही रंग न दिलेलं. ते काय असतं हे मला आमच्या आठवडी बाजारात जोडे शिवणाऱ्या काकांनी समजावलं. मोबाइलवरचा फोटो त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "हे बाभयीच्या सालीत कमावते तसं कातडं दिसते. रंग नाही मारेल याले. ऊन लागलं, हाताचा घाम लागला का लाल होत जाते. जिथं हात लागते थो भाग आधी काया पडते. पाण्याचा थेंब पडला तर डाग राह्यते."

एवढ्या बोलण्यावर आम्ही कितीतरी बॅगा बाद केल्या. 'दहा वर्षं वापरली' म्हणायचं आणि हातपट्ट्या मात्र दुधासारख्या पांढऱ्या. एक तर पट्ट्या बदलल्या असतील, नाहीतर ते कातडंच नाही. काही ठिकाणी रंग मधासारखा होता, पण वरपासून खालपर्यंत अगदी एकसारखा, मुठीच्या जागीसुद्धा. काकांच्या भाषेत, मारेल रंग.

शिलाई माझा प्रांत. पिवळसर जाड दोरा, टाका किंचित तिरका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातपट्टी जिथं अंगाला जोडली आहे त्या चारही ठिकाणी टाके सारखेच. हे फोटो मोठा करून मोजता येतं. एका बॅगेत एका पट्टीला वर पाच टाके होते, दुसरीला सहा, आणि कोपऱ्यावर दोरा दोनदा फिरवलेला. माझ्याकडे शिकणारी पोरगी असं करते तेव्हा मी उसवायला लावते.

उलट एक चांगली बॅग भाची हातची घालवणार होती. म्हणे, मागच्या बाजूला 'एलव्ही' उलटं आहे, डुप्लिकेट आहे. मी म्हटलं, थांब. स्पीडीचं अंग एकाच अखंड तुकड्याचं असतं, तळाशी जोड नसतो. खांद्यावर जोड न घेता एका कापडात कुर्ता कापला, की पुढची फुलं सरळ राहतात आणि पाठीवरची उलटी होतात, तोच प्रकार. या मॉडेलमध्ये तळाला जोड नसताना दोन्हीकडे अक्षरं सरळ असतील, तर तिथं शंका घ्यायची. हे वाचून कळण्याआधी मला कात्रीमुळे कळलं, याचा थोडा अभिमान आहे.

आकड्यांची गंमत भाचीने शोधली. आतल्या खिशाजवळ चामड्याच्या लहान पट्टीवर दोन अक्षरं आणि चार अंक दाबलेले असतात. अक्षरं कारखान्याची. अंक असे वाचायचे: १९९० ते २००६ मधल्या बॅगांत पहिला आणि तिसरा अंक मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून साल. २००७ पासून महिन्याऐवजी आठवडा आला. मार्च २०२१ पासून कंपनीने हे आकडेच बंद केले आणि आत चिप बसवायला सुरुवात केली. आम्हाला एका बाईंनी जो फोटो पाठवला त्यात 'सीए ००४२' होतं, म्हणजे एप्रिल २००२. तारीख बरोबर जुळत होती. पण सीए हा स्पेनमधल्या कारखान्याचा संकेत, आणि त्याच बॅगेत चामड्यावर छाप 'मेड इन फ्रान्स'चा. बाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने दुबईहून आणली आहे, मला काय माहीत. खरंच माहीत नसेल. भेट म्हणून मिळालेली खोटी वस्तू लोक मनापासून खरी समजून विकतात, म्हणून विकणाऱ्याचा चेहरा सज्जन आहे याला मी फार किंमत देत नाही.

इथं भाची आणि मी भांडलो. तिचं म्हणणं, आकडा जुळला म्हणजे बॅग खरी. माझं म्हणणं, आकडा जुळला नाही तर खोटी, एवढंच त्यातून कळतं. हा आकडा एकेका बॅगेचा नसतो; एका कारखान्यातून त्या महिन्यात निघालेल्या कितीतरी बॅगांवर तोच असतो. नकली करणारा एक खरा आकडा बघून हजार बॅगांवर ठोकू शकतो. टाके, रंग, नक्षी, सगळ्याचं तसंच. दर तपासणीला खोटी बॅग गळते, पण उरलेली खरी आहे असं कोणतीच तपासणी छातीठोक सांगत नाही. म्हणून बॅग कितीही पसंत पडो, ती परत घेणारा कोण आणि कोणत्या अटीवर, हे आधी. भाचीला ते पटायला वेळ लागला.

शेवटी बॅग घेतली ती जुन्या ब्रँडेड वस्तू विकणाऱ्या एका दुकानाकडून. परत घेण्याची अट लेखी, मुदत लिहिलेली, पैसे त्यांच्याच ॲपवर भरायचे. (मधे एकाने 'ॲपबाहेर पैसे टाका, तीन हजार कमी करतो' म्हणून क्यूआर कोड पाठवला होता. भाचीने त्याला तिथंच ब्लॉक केलं. असल्या ठिकाणी पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.) फोटो मागताना आम्ही दोन गोष्टींवर अडून बसलो. एक, व्हॉट्सॲपवर फोटो साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन टाके पुसट होतात. आमच्या गावात रेंज अशी, की एकेक फाइल उतरायला चहा होऊन जातो. दुसरी, बॅगेशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. कारण त्याआधी एका 'घरच्या वापरातल्या' बॅगेचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकले, तर तेच फोटो परदेशातल्या एका दुकानाच्या पानावर सापडले होते, त्याच पडद्यासकट.

आकडा 'एसपी ००६४', जून २००४, फ्रान्सचा कारखाना, फ्रान्सचाच छाप. आत तपकिरी सुती अस्तर. डाव्या हातपट्टीखाली पाण्याचा डाग, साधारण करडईच्या दाण्याएवढा. शुल्क घेऊन फोटोंवरून मत देणाऱ्या एका स्वतंत्र सेवेकडेही भाचीने फोटो पाठवले. त्यांनी खरी म्हणून कळवलं. कंपनीच्या शोरूममध्ये असं काही लिहून मिळत नाही, आणि आम्हाला जवळचं म्हणायचं तर शोरूम मुंबईला. मला त्या मतापेक्षा तो डाग कामाचा वाटला. मत होतं फोटोतल्या बॅगेबद्दल. घरी येणारी बॅग तीच आहे, हे डागावरूनच कळणार होतं.

कुरिअर गावात येत नाही, म्हणून दारव्ह्याला जाऊन पार्सल आणलं. पत्त्याच्या लेबलपासून व्हिडिओ सुरू ठेवून दुकानातच फोडलं. डाग होता. टाके चारही ठिकाणी सारखे. नाक लावलं तर जुन्या कपाटाचा वास आला, रबर-सोल्यूशनचा नाही. दुकानाने अडकवलेला टॅग मी मुदत संपेपर्यंत तोडू दिला नाही, त्यामुळे पहिल्या लग्नाला बॅग घरीच राहिली आणि बहीण माझ्यावर रुसली. एक खोट निघाली: कुलपावरचा आणि चावीवरचा नंबर वेगळा, चावी लागेना. तो नंबर कुलूप-चावीच्या जोडीचा असतो, बॅगेचा नव्हे. त्यावरून खरं-खोटं ठरत नाही. पण चावी लागत नाही हे जाहिरातीत लिहिलं नव्हतं, त्याचे पैसे दुकानाने कमी करून दिले.

आता भाचीला ती बॅग विकायची आहे. लॅपटॉप त्यात मावत नाही, हे कळायला पंचेचाळीस हजार लागले. नागपूरच्या एक बाई घ्यायला तयार आहेत आणि त्यांनी फोटोंची यादी पाठवली आहे: पट्ट्या, टाके, छाप, आकडा, शेजारी तारखेची चिठ्ठी. परवा दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही टॉर्च बाजूने तिरपी धरून तो दाबलेला आकडा टिपत बसलो. समोरून उजेड टाकला की चामडं चमकतं आणि अंक दिसतच नाहीत. बाईंचं उत्तर आलं, "तिसरा अंक नीट वाचता येत नाही. पुन्हा काढा, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा."