एमजीबीचे फ्लेअर कोल्हापुरात घडवताना: माझा अनुभव

जुन्या स्पोर्ट्स कारला रुंद टायर घातले की मडगार्डच्या कमानीबाहेर रबर डोकावायला लागतं. ते झाकायला कमानीवर जी फुगीर पट्टी बसवतात ती म्हणजे फ्लेअर. ती गाडीवर उपरी दिसू नये, चाकाला घासू नये आणि चार पावसाळे गेल्यावरही तिच्याखालचा पत्रा शाबूत राहावा, हे तिन्ही एकदम साधायचं तर काम चांगलंच मोठं होतं. आमच्या १९७१ सालच्या एमजीबी रोडस्टरवर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या उघड्या टपाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारवर, मी ते इथंच, शिवाजी उद्यमनगरातल्या आणि बापट कॅम्पातल्या हातांनी करून घेतलं. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजचं, म्हणजे आपल्या ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनाचंच भावंड. त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत कोल्हापुरातल्या जुन्या मेकॅनिकना काही शिकवावं लागत नाही. रुंद कमानींच्या एमजीबीला ‘सेब्रिंग’ म्हणतात ते अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या बारा तासांच्या शर्यतीवरून. १९६८ साली तिथं पॅडी हॉपकर्क आणि अँड्र्यू हेजेस यांनी एमजीबीचंच भावंड असलेली एमजीसी जीटीएस पळवली आणि एकूण क्रमवारीत दहावा नंबर काढला. त्या गाडीला ॲल्युमिनियमची फुगवलेली मडगार्डं होती. मला ती ठेवण फार आवडते. आमच्या गाडीला मूळचे पाच इंची रोस्टाइल पद्धतीचे पोलादी रिम आणि १६५ चे टायर होते. नवे रिम साडेसहा इंची आणि टायर १९५ चे. टायरची रुंदी साधारण तीस मिलिमीटरनं वाढली आणि आतल्या बाजूला जागा फारशी नसल्यानं त्यातली बहुतेक वाढ बाहेरच येणार होती.

पत्रा कापायचा नाही, हे सगळ्यात आधी ठरवलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आली. चॅसिस, बॉडी-शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. उद्या कुणाला ही गाडी मूळ रूपात पाहिजे असेल तर बोल्ट काढून ती तशी करता आली पाहिजे. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टवर बसतात, तिथं अडचण नव्हती. मागची मात्र बॉडीला वेल्ड केलेली असतात. तिथं एकदा करवत चालली की ती गाडी परत पहिल्यासारखी होत नाही.

सेब्रिंग फ्लेअर विलायतेत तयार मिळतात. पण पन्नास वर्षांत चार ठिकाणी डेंटिंग झालेल्या गाडीवर तयार फ्लेअर नीट बसेल याची खात्री कुणी देत नाही. पुण्यातल्या एका स्नेह्यांनी त्यांच्याकडचे डाव्या बाजूचे दोन फ्लेअर, एक पुढचा आणि एक मागचा, नमुन्याला दिले. पुढच्याला तडा गेलेला होता, पण आकार कळायला तेवढं पुरे होतं.

ते घेऊन मी उद्यमनगरात एका पॅटर्न मेकरकडे गेलो. कोल्हापूरच्या फाउंड्र्या ज्यांच्या जिवावर उभ्या राहिल्या त्यांत ही माणसं येतात, आणि गाडीच्या शौकिनांना त्यांची आठवण होत नाही याचं मला वाईट वाटतं. वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) साच्यात ओतण्याआधी सागवानात तो भाग हुबेहूब घडवायचा, निवताना बीड शंभराला एक आकसतं ते हिशोबात धरायचं, साच्यातून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून बाजूंना किंचित तिरका ड्राफ्ट द्यायचा, यात मिस्त्रींचं आयुष्य गेलेलं. त्यांनी फ्लेअर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि खाली ठेवून दिला.

“पावणं, ह्यो नुसता नमुना काय करायचा? गाडी आणा की.”

“मामा, डाव्याचं उलटं करून उजवं होईल ना?”

“गाडीची डावी आन् उजवी सारखी असती असं कुणी सांगितलं तुमास्नी? मोजून बघा, मग बोलू.”

मोजलं. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या माथ्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे वेगळं आलं आणि मागच्या टायरपासून पत्र्याच्या कडेपर्यंतची मोकळी जागा डाव्या बाजूला सात मिलिमीटरनं कमी भरली. डावीकडची फट मुळातच कमी असणं एमजीबीत नवं नाही, हे ही गाडी बाळगणाऱ्यांना माहीत असतं. म्हणजे चार फ्लेअर, चार पॅटर्न, चार साचे. नमुन्यावरून फक्त फुगवट्याची रेषा घ्यायची आणि बॉडीला चिकटणारी कड गाडीवरूनच उचलायची, असं मामांनी ठरवून टाकलं. ते मला तिथल्या तिथं पटलं.

पण त्याआधी चाक कुठवर जातं ते बघायचं होतं. गाडी उभी असताना दिसते ती जागा फसवी असते. पुढच्या बाजूच्या कॉइल स्प्रिंगा काढल्या. हे काम फार जपून करावं लागतं, कारण स्प्रिंग आत दाबलेली असते आणि एकदम सुटली तर जिवावर बेतेल. लांब बोल्ट लावून खालची थाळी हळूहळू उतरवायची. मग जॅकनं चाक बंप रबरला, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर घेतलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मागं लीफ स्प्रिंग आहेत, तिथं डिकीत वाळूची पोती भरली आणि एका वेळी एकाच चाकाखाली जॅक लावला, म्हणजे वळणावर गाडी कलते तशी स्थिती झाली.

अंतर मोजायला वापरली शाडूची माती. बापट कॅम्पातल्या ज्या फायबर कारागिरांकडे पुढचं काम द्यायचं होतं त्यांनीच ती आणली. गणपतीच्या दिवसांत त्यांच्याकडे शाडू असतेच, आणि मंडळांच्या देखाव्यांमुळे फायबरचा हातही बसलेला. मऊ मळलेल्या मातीचे बोटाएवढे गोळे कमानीच्या आत ओळीनं चिकटवले. चाक वर गेलं, खाली आलं. मग गोळे एकेक करून ब्लेडनं मधोमध कापले आणि उरलेली जाडी पट्टीनं मोजली. पुढे कुठंच बारा मिलिमीटरच्या खाली नव्हती. मागच्या डाव्या कमानीच्या माथ्यावरचा गोळा मात्र पापडासारखा चपटा झाला होता, त्यावर टायरच्या खांद्यावरच्या नक्षीच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या आणि मधोमध पत्र्याचा ओठ, म्हणजे कमानीची आत वळलेली कड, उघडा दिसत होता.

फ्लेअरच्या कामातला खरा प्रश्न इथं आहे. फ्लेअर बाहेरून कितीही फुगवला तरी आतला पत्र्याचा ओठ जागचा हलत नाही, आणि चाक वर आलं की टायर त्यालाच भिडतो. बरेच जण इथं पत्रा कापतात. कापायचाच असेल तर बाहेरचं मडगार्ड आणि आतली कमान पुन्हा एकमेकांना वेल्ड केलीच पाहिजे, नाहीतर मधल्या फटीत पाणी शिरतं आणि बॉडीची ताकदही जाते. आम्ही ओठ दुमडला. हीट गननं रंग कोमट करत, हातोडी आणि डॉलीनं (मागून टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) थोडा थोडा वर वळवत गेलो. तिथं दोन पत्रे स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात. दुमडताना सांधा उघडण्याची भीती असते म्हणून नंतर सगळीकडून सीलर भरला. शिवाय मागचे बंप रबर थोडे उंच केले. पुन्हा शाडू लावून बघितल्यावर सगळ्यात अडचणीच्या जागीही आठ मिलिमीटर उरले. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मग पॅटर्न. कमानीभोवतीच्या रंगावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली, वर मेणाचे थर दिले आणि थेट गाडीवरच फायबरची पातळ पट्टी ओतली. ती सुकून सुटली तेव्हा तिच्या पाठीवर आमच्या गाडीचा प्रत्येक उंचसखलपणा आला होता, जुन्या डेंटिंगच्या लाटांसकट. मामांनी नमुन्याचा फुगवटा ठरावीक अंतरांवर काँटूर गेजनं (सरकत्या सुयांनी आकार उचलणारं साधन) उचलून पातळ प्लायच्या पट्ट्या कापल्या, त्या या पायावर उभ्या केल्या, मधल्या जागा भरल्या आणि लांब लवचिक पट्टीला सँडपेपर लावून घासत राहिले. डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि जिथं थांबायचे तिथं पेन्सिलीची खूण. मी कितीही निरखलं तरी मला तिथं काही दिसायचं नाही, पण प्रायमर मारल्यावर उजेड बरोबर त्याच खुणेवर मोडायचा.

साचा दोन भागांत करावा लागला, कारण फ्लेअरची खालची कड आत वळते आणि अखंड साच्यातून ती निघाली नसती. जोडरेषा त्या कडेवरच ठेवली, तिथली रेघ नंतर घासून जाते. साच्याची जाडी भागाच्या तिप्पट धरली, वरून लाकडी फासळ्या दिल्या. भागासाठी जेलकोट म्हणजे रेझिनचा वरचा गुळगुळीत थर, मग काचेच्या धाग्यांचं ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) मॅट आणि वर ४५० चे थर, मिळून तीनेक मिलिमीटर. मॅट तीक्ष्ण कोपऱ्यात बसत नाही, खाली हवा राहते आणि पुढे तिथंच जेलकोट फुटतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला पाच-सहा मिलिमीटरची गोलाई पॅटर्नमध्येच ठेवली होती.

रसायनांबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. रेझिन घट्ट करायला लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच हार्डनर. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. उन्हाळ्यात एकाच्या आसपास ठेवा, नाहीतर ब्रश फिरवेपर्यंत रेझिन घट्ट होतं. पावसाळ्यात मॅट दमट होतं, थर नीट भिजत नाहीत. आम्ही उघडीप बघूनच काम केलं. कापताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क हवाच, आणि पाणी मारत घासायचं.

घाई करून भाग साच्यातून लवकर काढला तर कमान आतल्या बाजूला मिटते. आम्ही तो साच्यातच पक्का होऊ दिला, नंतर गाडीवर तात्पुरता बसवून उन्हात ठेवला. हे केल्याशिवाय रंग मारला तर काही महिन्यांनी मॅटचे धागे रंगाखालून वर उमटतात, गडद रंगात तर फारच.

बसवताना पहिला बोल्ट माथ्यावर, मग दोन्हीकडे आळीपाळीनं खाली येत. चाकं जमिनीवर, गाडीचा भार चाकांवर. पत्र्यात रिव्हेट नट (भोकात दाबून पक्के बसणारे आट्यांचे नट), त्यात पाच मिलिमीटरचे स्टेनलेस स्क्रू, साधारण शंभर मिलिमीटरवर एक. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला झिंक प्रायमर आणि स्क्रूला ग्रीस, कारण स्टेनलेस आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की लोखंड गंजतं. फायबरमधली भोकं एक मिलिमीटरनं मोठी ठेवली. ऊन लागल्यावर फायबर लोखंडापेक्षा जास्त पसरतं, त्याला सरकायला जागा लागते.

त्याच कारणासाठी सांध्यावर लांबी (पुटी) भरून फ्लेअर बॉडीत विरघळवून टाकायला मी ठाम नकार दिला. पेंटरचा आग्रह होता, दिसायला ते सुरेख दिसतं हेही खरं. पण लांबीला तडा जाणार, तड्यातून पाणी आत जाणार आणि कोल्हापूरचा पाऊस सोडणार नाही. मध्ये काळी रबरी बीडिंग घातली. ती रेषा मला गाडीवर शोभूनही दिसते. फ्लेअरच्या आतल्या खोबणीत चिखल साठतो, म्हणून खालची टोकं मोकळी सोडली आणि आत मेणाचा फवारा मारला.

चाचणीला पन्हाळा. दोघं जण, डिकीत सामान, आणि कमानीत पुन्हा शाडू. घाटातली वळणं मुद्दाम जरा जोरात घेतली. वर पोचल्यावर चारी चाकांशी टॉर्च घेऊन वाकलो. पुढचे गोळे जसेच्या तसे, मागच्या डाव्याला निसटता स्पर्श, टायरची नक्षी उमटलेली नव्हती. परतल्यावर त्या बाजूचा बंप रबर अजून थोडा वाढवला. पहिला पावसाळा संपल्यावर सगळे स्क्रू एकदा काढून भोकांच्या कडा बघितल्या. दोन ठिकाणी प्रायमर निघाला होता, तिथं पुन्हा लावला.

चारही साचे मामांच्या माळ्यावर आहेत. ते दुसऱ्या एमजीबीला तसेच लागणार नाहीत, बॉडीची कड त्या त्या गाडीवरूनच उचलावी लागेल. फुगवट्याच्या प्लायच्या पट्ट्या मात्र कोणत्याही एमजीबीला चालतील. त्यांवर नंबर आणि डावी-उजवी लिहून ठेवलंय. ज्यांना पाहिजेत त्यांनी न्याव्यात आणि काम झालं की परत आणून द्याव्यात.